जावईबापू, पगाराची स्लिप दाखवा

मुलाचा पगार विचारण्याची आपल्याकडे एक रीत आहे. तो थेट विचारायचा नसतो. आधी 'कुठल्या कंपनीत?' विचारायचं, मग 'हिंजवडीला की खराडीला?', मग 'फ्लॅट स्वतःचा का?', आणि पोह्यांची बशी खाली ठेवता ठेवता अगदी सहज, 'हप्ते अजून चालू असतील ना?' एवढ्या माहितीवर मुलीचा मामा घरी जाताना रिक्षातच आकडा काढतो आणि तो सहसा बरोबर निघतो. मी स्वतः मामा आहे, त्यामुळे या शास्त्राबद्दल मला थोडं अधिकारानं बोलता येतं.

ब्रिटनच्या गृहखात्यावर असले संस्कार झालेले नाहीत. ते पोहेही खात नाही आणि आडूनही विचारत नाही. ब्रिटिश नागरिकाला परदेशातून नवरा किंवा बायको आणायची असेल तर त्याला एकच प्रश्न असतो: वर्षाला २९,००० पौंड मिळवता का? मिळवत असाल तर पुढचा फॉर्म घ्या. मिळवत नसाल तर लग्न जरूर करा, त्याला आमची हरकत नाही. फक्त बायको आहे तिथेच असू द्या.

हे सगळं मला कळायचं कारण म्हणजे माझी पुण्यातली भाची. तिनं ज्याच्याशी लग्न ठरवलं तो ब्रिटिश नागरिक आहे. ब्रिटिश म्हणजे गोरा नव्हे. आजोळ साताऱ्याचं, वडील लंडनच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीला पहिल्या रांगेत. (हे मंडळ १९३२ सालचं. म्हणजे तिकडे आरत्या म्हणायला लागून आपल्याला नव्वद वर्षं होऊन गेली, तरी बायको आणताना पगार दाखवावाच लागतो.) मुलगा तिकडे एका शाळेत असिस्टंट आहे. पोरांना आवडतो, स्वभावानं गरीब, पत्रिकेत ३६ पैकी २८ गुण जुळले. पगार वर्षाला २५,४०० पौंड. रुपयांत सांगितल्यावर आमच्या भाऊजींनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, 'वा!' म्हणून मांडीवर थाप मारली होती. गृहखात्यानं रुपयांत मोजलं नाही. त्याच्या पत्रिकेत ३,६०० पौंडांचा मंगळ निघाला.

या मंगळाला शांत आहे. नियमात लिहिलीय. पगार कमी असेल तर साठवलेले पैसे दाखवा. किती? आपल्यासारख्या भाबड्या माणसाला वाटेल, ३,६०० कमी पडताहेत तर ३,६०० दाखवू. तसं नाही. जेवढे कमी पडतात त्याची अडीचपट करायची आणि त्यात १६,००० मिळवायचे. अडीचपट कारण पहिला व्हिसा साधारण अडीच वर्षांचा. १६,००० अशासाठी की तिकडे एवढी शिल्लक असलेल्या माणसाला गरिबांसाठीचे सरकारी भत्ते मिळत नाहीत, म्हणून पहिले १६,००० मोजायचेच नाहीत. तेव्हा ३,६०० ची तूट भरायला २५,००० पौंड शिल्लक लागते. एका पौंडानं जरी पगार कमी भरला तरी १६,००२ पौंड आणि ५० पेन्स. आणि पगारच नसेल, म्हणजे नुसत्या शिल्लकीवर बायको आणायची, तर ८८,५०० पौंड. रुपयांत हा आकडा कोटीच्या आसपास जातो. हे ऐकून भाऊजींनी मांडीवरचा हात काढून कपाळाला लावला.

पण भाऊजी हार मानणारे नव्हेत. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या कर्जांना जामीन राहून दिवस काढलेत. ते म्हणाले, ''मी लिहून देतो ना! पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर. मुलीचा आणि जावयाचा सगळा खर्च मी बघीन, राणीच्या सरकारला एक पैशाची तोशीस नाही.''

''बाबा, राणी गेली. आता राजा आहे,'' भाची म्हणाली.

''मग राजाच्या. शब्द आहे माझा.''

शब्द चालत नाही. ब्रिटनमधला नवरा जेव्हा बायकोसाठी अर्ज करतो, तेव्हा सासऱ्यानं, काकानं, मित्रानं दिलेली हमी एरवी धरतच नाहीत. फार अपवादात्मक परिस्थिती सिद्ध केली तर विचार होतो. सासऱ्यानं पैसे प्रत्यक्ष दिले तर चालतं, पण ते कर्जाऊ नकोत, कुठून आले ते सांगा, आणि मुलाच्या किंवा मुलीच्या ताब्यातल्या खात्यात सहा महिने राहू द्या. आपल्याकडे १९६१ साली हुंड्याविरुद्ध कायदा झाला. सासऱ्यानं जावयाच्या खात्यात पैसे घालणं हा आपल्याकडे गुन्हा आणि तिकडे पुरावा, हे भाऊजींना समजावताना माझी जीभ दोनदा अडखळली.

सगळ्यात मोठी गंमत मुलीच्या कमाईची. माझी भाची सॉफ्टवेअरमध्ये आहे. तिचं पॅकेज मी रिक्षात बसून कितीही आकडेमोड केली तरी मला नीट काढता आलेलं नाही, इतकं ते चांगलं आहे. पण ती कमाई पुण्यातली. परदेशातून अर्ज करणाऱ्याची परदेशातली नोकरी या हिशेबात शून्य धरतात. तिची बचत चालते, पगार चालत नाही. म्हणजे तिनं आजपर्यंत मिळवलं ते खरं, पुढच्या महिन्यात मिळवणार ते खोटं. लग्नानंतर मुलीनं नोकरी करायची की नाही यावर आपल्याकडे शंभर वर्षं परिसंवाद झडले. ब्रिटननं ती नोकरी करतच नाही असं धरून विषय संपवला.

आता हा २९,००० चा आकडा आला कुठून, याचीही एक कथा आहे. २०१२ च्या जुलैपर्यंत ठरावीक आकडाच नव्हता. जोडप्याचं भागेल, सरकारी मदतीवर भार पडणार नाही, एवढं अधिकाऱ्याला पटलं की पुरे. मग थेरेसा मे गृहमंत्री असताना १८,६०० पौंडांची रेघ ओढली गेली. ही रेघ अर्थतज्ज्ञांच्या समितीच्या हिशेबातून आली होती: एवढं मिळवणाऱ्या जोडप्याला उत्पन्नावर आधारलेले भत्ते घ्यावे लागत नाहीत. मूल असेल तर पहिल्यासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकासाठी २,४०० वाढवायचे. लोक कोर्टात गेले. २०१७ च्या फेब्रुवारीत तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की नियम कठोर आहे, अनेकांचे हाल होतात, मुलांच्या हिताचा विचार त्यात नीट केलेला नाही. पण अशी उत्पन्नाची अट घालणं मुळात बेकायदा नाही. म्हणजे सासरा खाष्ट आहे हे मान्य, पण सासरा असणं हा गुन्हा नव्हे.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारनं एका दमात जाहीर केलं, आता ३८,७००. दुपटीहून जास्त. कारण काय? तर कुशल कामगारांना नोकरीचा व्हिसा देताना तेवढा पगार मागणार होते, म्हणून नवऱ्यालाही तोच भाव. आरडाओरडा झाला आणि नाताळ यायच्या आत सरकार थोडं खाली उतरलं: आधी २९,०००, मग टप्प्याटप्प्यानं वर. ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० लागू झाले. पुढचे टप्पे नंतर आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारनं थांबवले आणि सल्लागार समितीला विचारलं. समितीनंही २०२५ मध्ये ३८,७०० पर्यंत जाऊ नका असंच सांगितलं. तेव्हापासून आकडा आहे तिथे उभा आहे.

यातला चवीनं सांगायचा भाग असा, की हा आकडा वाढवला तेव्हा पंतप्रधान ऋषी सुनक होते. त्यांची पत्नी भारतीय नागरिक. सासरे नारायण मूर्ती, ज्यांची कंपनी १९८१ साली पुण्यात सुरू झाली. म्हणजे लांबून का होईना, हा पुण्याचाच जावई. एका जावयानं दुसऱ्या जावयांची वाट अशी अडवावी याचं भाऊजींना इतकं वाईट वाटलं की ते दोन दिवस बातम्याच बघत नव्हते. मी म्हटलं, ''भाऊजी, आपल्याकडे मानाच्या जावयाला बाकीच्या जावयांचं कधी पटलंय?'' त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला आमच्या घरातली काही जुनी लग्नं आठवली.

चेष्टा बाजूला ठेवून एक हिशेब करून बघा. ब्रिटनच्या सरकारनंच ठरवलेलं किमान वेतन एप्रिल २०२५ पासून २१ वर्षांच्या पुढच्या माणसाला तासाला १२.२१ पौंड होतं. आठवड्याला ४० तास, वर्षाचे ५२ आठवडे, एकही खाडा न करता राबला तर होतात २५,३९७. म्हणजे सरकार एका हातानं सांगतं की एवढ्यात माणसाचं भागतं, आणि दुसऱ्या हातानं सांगतं की एवढ्यात बायकोचं भागत नाही. म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारा, दुकानात माल लावणारा, शाळेत पोरांची नाकं पुसणारा माणूस त्या देशात जन्मभर राहू शकतो, मत देऊ शकतो. त्यानं फक्त प्रेम आपल्याच देशातल्या माणसावर करावं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर बसणाऱ्यानं ते कुठेही करावं, टिंबक्टूला सुद्धा. मला विचाराल तर हा नियम परदेशी बायकांविरुद्ध नाहीच. तो गरीब ब्रिटिशांविरुद्ध आहे. परदेशी बायका मधल्या मध्ये ताटकळतात इतकंच.

आणि त्यातून हे बघा. माझ्या भाचीच्याच ऑफिसातला एक मुलगा कंपनीच्या नोकरीच्या व्हिसावर लंडनला गेला. त्याच्या बायकोसाठी त्याला काय दाखवावं लागलं? २८ दिवस खात्यात पडलेले २८५ पौंड. तेही कंपनीनं जबाबदारी घेतली तर नको. आता, त्याचा पगार व्हिसा देतानाच तपासलेला असतो हे खरं. तो काही रिकाम्या हातानं गेलेला नसतो. तरी कालपरवा हिंजवडीहून गेलेल्याला २८५ आणि तिथेच जन्मलेल्याला २९,००० हे काही माझ्या मामेपणाच्या गणितात बसत नाही.

बाकीचे देशही पैसे विचारतात. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. थायलंड म्हटलं की आपल्याकडे ऑफिसातल्या पुरुषांची सहल डोळ्यांसमोर येते, पण तिथे थाई बायको करून राहणाऱ्या परदेशी नवऱ्यांची मोठी वस्ती आहे. त्यांना वर्षाच्या मुक्कामासाठी थाई बँकेत चार लाख बाहत, अर्जाच्या आधी दोन महिने, ठेवून दाखवावे लागतात. नाहीतर महिना ४०,००० चं उत्पन्न. आता गंमत अशी, की पन्नाशी उलटलेल्या माणसाला तिथे नुसतं निवृत्त म्हणून राहायचं असेल, बायकोबियको काही नाही, तर आठ लाख लागतात, किंवा महिना ६५,०००. म्हणजे लग्न केलं की थायलंड सरकार पन्नास टक्के सूट देतं. सरकारचा अंदाज असा दिसतो, की एकट्या म्हाताऱ्याला दुप्पट पैसे लागतात, कारण त्याला नको म्हणणारं घरात कोणी नसतं. हा अंदाज ज्यानं बांधला तो बँकॉकचा अधिकारी नक्की संसारी माणूस असणार. उलट परदेशी बाई थाई पुरुषाची बायको झाली तर तिला पैसे दाखवावे लागत नाहीत; ती जबाबदारी नवऱ्याची. शिवाय जोडप्याचे घरातले आणि घराबाहेरचे फोटो द्यायचे, आणि घरापर्यंत कसं यायचं याचा नकाशा. 'मारुतीच्या देवळामागून दुसरी गल्ली' ही परंपरा तिकडेही आहे म्हणायची.

अमेरिका तत्त्वानं आपल्या जवळची. तिथे दोघांच्या कुटुंबासाठी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न लागतं. २०२५ च्या हिशेबानं ते साधारण २६,४०० डॉलर. नवऱ्याचं कमी पडलं तर तिथेच राहणारा दुसरा कोणी, मामा म्हणा, काका म्हणा, सहजामीनदार होऊ शकतो. भाऊजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ''मग तिकडचं स्थळ का नाही बघितलं?'' पण अमेरिकेच्या त्या हमीपत्राला एक शेपूट आहे. एकदा सही केली की ती घटस्फोटानंतरही सुटत नाही. ज्याच्यासाठी सही केली तो नागरिक होईपर्यंत, किंवा कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत, किंवा तो देश सोडून जाईपर्यंत, किंवा कोणी तरी मरेपर्यंत. आपल्याकडे सप्तपदीत सात जन्मांची भाषा करतात, पण ते कोर्टात वसूल करता येत नाही. अमेरिकेनं एकच जन्म मागितला आणि लेखी घेतला.

डेन्मार्कनं २००२ मध्ये दोघांनाही चोवीस वर्षं पूर्ण हवीत असा नियम केला आणि वर बँक हमीही मागितली. तेव्हा कोपनहेगनच्या पुष्कळ जोडप्यांनी समुद्रावरचा पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला बिऱ्हाड केलं. पूल दोनच वर्षांपूर्वी, २००० साली, वाहतुकीसाठी बांधला होता. कोणासाठी बांधतोय हे इंजिनिअरांना तरी कुठे माहीत असतं? आपला भारत मात्र या सगळ्यांत मला जास्त अनुभवी वाटतो. भारतीय नागरिकाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड हवं असेल, तर तो म्हणतो, नोंदणी झालेलं लग्न आधी सलग दोन वर्षं टिकवून दाखवा. पैशांपेक्षा अवघड अट आहे ही.

परत ब्रिटनकडे येतो. आमच्या मुलानं शेवटी शाळेतली नोकरी सोडून एका ऑफिसात नोकरी धरली आणि २९,००० ची रेघ ओलांडली. मग सहा महिने थांबायचं, कारण एकाच मालकाकडच्या सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा लागतात, त्या बँकेतल्या नोंदींशी जुळाव्या लागतात, आणि मालकाचं पत्र. उत्पन्नाचे प्रकार 'ए'पासून 'जी'पर्यंत सात आहेत. धंदेवाल्याला वेगळं, पेन्शनवाल्याला वेगळं, घरभाड्यावर जगणाऱ्याला वेगळं. अर्जाची फी, एप्रिल २०२५ पासून, १,९३८ पौंड होती. वर आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला १,०३५ प्रमाणे एकदम ३,१०५. भाऊजी म्हणाले, ''एवढ्यात कार्यालयासकट दुसरं लग्न झालं असतं.'' ताईनं विचारलं, ''कोणाचं?'' तेव्हा ते गप्प बसले.

घराचीही अट आहे, गर्दी होता कामा नये. तिकडच्या १९८५ च्या कायद्यात एका खोलीला दोन माणसं, दोन खोल्यांना तीन, तीन खोल्यांना पाच असं कोष्टक आहे. वर्षाच्या आतलं बाळ मोजतच नाहीत आणि दहा वर्षांच्या आतलं मूल अर्धं मोजतात, आपल्या एसटीच्या अर्ध्या तिकिटासारखं. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या माझ्या आत्यानं हे कोष्टक ऐकून घेतलं, मनातल्या मनात आपल्या दोन खोल्यांतली माणसं मोजली आणि म्हणाली, ''म्हणजे आम्ही सगळे बेकायदाच होतो की!''

प्रेमाच्या पुराव्याचा भाग त्यामानानं सोपा असेल असं वाटलं होतं. लग्नाचे फोटो जोडा. आमच्याकडे फोटो पंधराशे होते. त्यात नवरा-नवरी दोघंच आहेत असे शोधायला बसलो तर निघेनात. प्रत्येकात कोणी ना कोणी मावशी. जिथे मावशी नाही तिथे मुंडावळ्यांतून नवऱ्याचं फक्त नाक दिसतंय. ऐन मंगलाष्टकांचा फोटो उत्तम आला होता, पण त्यात दोघांच्या मधोमध अंतरपाट; लंडनच्या अधिकाऱ्यानं तो बघून, ही दोन माणसं एकमेकांना ओळखतात असं का मानावं? शेवटी जेवणाच्या पंगतीतला, घास भरवतानाचा फोटो निवडला. त्यातही नवऱ्याचे डोळे मिटलेले आहेत, पण तोंड उघडं असल्यामुळे संबंध जिवंत असल्याचं दिसतं.

व्हिसा मिळाला. भाची गेली. कार्यालयातल्या लोकांनी टाळ्या वाजवून निरोप द्यावा तसा आम्ही विमानतळावर दिला आणि आता सुटलो असं समजलो. पण पहिला व्हिसा ३३ महिन्यांचा. तो संपत आला की पुन्हा अर्ज, पुन्हा स्लिपा, पुन्हा फी. त्या वेळी आणखी एक गोष्ट दाखवायची असते: दोघं एकाच घरात राहतात याचा पुरावा म्हणून दोन वर्षांतली टपालानं आलेली सहा पत्रं, दोघांच्या नावची किंवा दोघांना त्याच पत्त्यावर आलेली, निरनिराळ्या ठिकाणांहून. आता हल्ली कागदावर पत्र पाठवतं कोण? म्हणून त्यांनी विजेचं बिल तिच्या नावावर केलंय, पाण्याचं त्याच्या, बँकेला 'कागदच पाठवा, ईमेल नको' असं कळवलंय. कर भरल्याचं पत्र आलं, ते दोघांच्या नावे होतं, त्या दिवशी तिनं मला फोन करून सांगितलं, इतका आनंद. रोजचं टपाल पडलं की दोघं दाराकडे धावतात. नवीन पिझ्झाच्या दुकानाची जाहिरात चालेल का यावर त्यांचं एकदा भांडणही झालं. ती म्हणाली चालेल, तो म्हणाला त्यावर नाव नाही, नुसतंच 'घरमालक' लिहिलंय.

सध्या पत्रं पाच झालीत. सहाव्यासाठी दोघांनी दातांच्या सरकारी डॉक्टरकडे नाव नोंदवलंय, कारण तिथून तपासणीच्या तारखेचं पत्र घरी येतं असं त्यांना कोणी तरी सांगितलं. तिकडे ती तारीख मिळायला फार वेळ लागतो म्हणे. दात दोघांचेही ठणठणीत आहेत, पण वाट बघताहेत.